घुमारा विरल्यावर

त्या बाईंचं पत्र टाळीकाकांना पाठ होतं. ज्या पत्रांना त्यांनी उत्तरं दिली त्यांतलं एक अक्षर त्यांना आठवत नसे, पण हे एक काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

'सप्रेम नमस्कार. तुमच्या खोल्या मी रोज वापरते. माझ्या घरात गायला जागा नाही, म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गाते आणि मग तुमच्या छापखान्याच्या दालनात जाऊन उभी राहते. एक विचारायचं होतं. दालनाच्या नव्या आवृत्तीत घुमारा विरत आला की कुणीतरी टक् करतं. जुन्या आवृत्तीत ते नाही. हा आवाज खोलीतला आहे की यंत्रातला? माझ्याच कानांचा दोष असेल तर माफ करा.'

एवढंच. खाली सही आणि पत्ता. दोन वर्षं ते पत्र चित्रपत्रांच्या खोक्यात तळाशी पडून होतं.

टाळीकाकांचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं होतं. जन्मभर ग्रंथालयात बसून त्यांनी पुस्तकांच्या याद्या केल्या, आणि निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचूनच संगणकाची भाषा शिकले. कुठल्याही नव्या खोलीत शिरलं की आधी एक टाळी वाजवून पाहायची, ही त्यांची खोड. खोली कशी घुमते ते त्यांना ऐकायचं असे. एकदा बँकेत टाळी वाजवली तेव्हा शिपाई धावत आला आणि "काय आणू साहेब?" म्हणाला. लाजून काकांनी पाणी मागितलं, आणि तहान नसताना पेलाभर पाणी पिऊन काम न करताच घरी परतले. काकू म्हणत, "यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे पाखरं हाकलत चालल्यासारखं वाटतं."

संगणकावर गाणी करणारी माणसं एक मोठा प्रोग्रॅम वापरतात, आणि त्याला छोटे छोटे प्रोग्रॅम जोडतात. त्यांना प्लगइन म्हणतात. कुठलं सतारीचा आवाज काढतं, कुठलं आवाजातली खरखर पुसतं. काकांचं प्लगइन फक्त खोल्या देई. रिकाम्या खोलीत जाऊन ते फुगा फोडत, आणि फुगा फुटल्यावर खोली जे काही बोलते ते शेवटपर्यंत टिपून घेत. ते टिपण प्लगइनमध्ये बसवलं की कुणाचाही आवाज त्या खोलीत काढल्यासारखा घुमायचा. शाळेची व्यायामशाळा, दवाखान्याचा जिना, रिकामा पोहण्याचा तलाव, स्टेशनातली थांबायची जागा, अशा कितीतरी खोल्या त्यांनी जमवल्या होत्या आणि साऱ्या जगाला फुकट देऊन टाकल्या होत्या. मोबदल्यात एकच मागणं असे: तुम्ही जिथे बसून गाणी करता तिथलं चित्र असलेलं एक पत्र टपालाने पाठवा. ईमेलचा पत्ता त्यांनी दिलाच नव्हता. ईमेलला लगेच उत्तर द्यावं लागतं आणि लगेच उत्तर द्यायचं म्हटलं की काकांच्या हाताला घाम फुटे.

बाईंचं पत्र आलं त्या दिवशी काकांनी हेडफोन लावून, दालन दुसऱ्यांदा टिपून केलेली ती नवी आवृत्ती ऐकली. बाईंचा कान शाबूत होता. फुगा फुटला, दालन भरून घुमलं, घुमारा पातळ होत गेला आणि अगदी शेवटी, आता काही नाही असं वाटतं तिथे, टक्. काकांचं तोंड लाल झालं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, हा कुठल्याही प्रश्नावर त्यांचा पहिला निवाडा असे. वायर हलली असेल, खुर्ची करकरली असेल, नाहीतर आपलाच गुडघा वाजला असेल. हजारो लोकांनी आपला गुडघा ऐकला, या विचाराने ते त्या दिवशी जेवले नाहीत.

मग दुसऱ्या कुणीतरी असंच फुकट दिलेलं, खरखर पुसणारं प्लगइन घेऊन त्यांनी ती टक् पुसून टाकली. हात लागलाच आहे तर म्हणून बाकीच्या सगळ्या खोल्यांच्या घुमाऱ्याच्या विरत्या शेपट्याही तशाच घासूनपुसून लख्ख केल्या. आणि खराब टिपण पुन्हा चुकूनही कुणाच्या हाती जायला नको, म्हणून मूळ टिपणं काढून टाकली. सुधारलेली आवृत्ती पानावर चढवली. उत्तर लिहायला बसले आणि 'आवाज यंत्रातला होता' एवढं लिहून थांबले. खात्री नव्हती. कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे पुढे पत्राचा विषय काढला की काकू उठून स्वयंपाकघरात जाऊ लागल्या.

छापखाना केव्हाच बंद पडला होता. यंत्रं गेली आणि त्या उंच दालनात टाळीकाकांच्या लेकीचा गायनवृंद तालमी करू लागला. या वर्षी तिने मोठा घाट घातला होता. रविवारी जाहीर कार्यक्रम, दालनात मावतील तेवढ्या खुर्च्या, आणि गाण्यांना साथ करायला दोन पडघम. एकेक पडघम पिंपाएवढा.

"बाबा, एक काम होतं," ती म्हणाली. "गालिचा काढलाय, पडदे काढलेत. दालन आता वेगळंच घुमतंय. पुन्हा एकदा टिपून द्या ना. घरी बसून तालीम ऐकताना मला खरं दालन ऐकू यायला हवं."

काका खूश झाले. लेकीने काम सांगितलं की त्यांना सूची करणाऱ्याची जुनी ऐट येई. दुपारी दालन रिकामं असतं म्हणून ते दुपारी गेले. छापखान्याच्या किल्ल्या सांभाळणारा म्हातारा, ज्याला सगळे किल्लीदादा म्हणत, पियानोवरची चादर बाहेर झटकत होता.

"या काका. आज वाढदिवस कुणाचा?" फुग्यांची पिशवी बघून त्याने विचारलं.

"खोलीचा," काका म्हणाले, आणि आपल्याला विनोद सुचला याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"मग केकही आणायचा. पांढरी साखर वरून मी घालतो. बघा, रोज झटकतो आणि रोज येते." चादरीच्या घडीतून पिठासारखी बारीक पूड उडाली. "पूर्वी आठवड्याला झटकायचो."

काकांनी ऐकलं, पण त्यांचं लक्ष वायरींच्या गुंत्यात होतं. त्यांनी दालनाच्या मधोमध मायक्रोफोन उभा केला, सगळ्यांत मोठा फुगा फुगवला, किल्लीदादाला कानांवर हात ठेवायला सांगितलं आणि सुई टोचली.

टिपण ऐकताना त्यांनी सवयीने डोळे मिटले. धडाम. मग घुमारा, पूर्वीपेक्षा भरदार, पण तोच. विरत गेला, विरत गेला. आणि टक्.

टक् नंतर आणखी काहीतरी होतं, जे दोन वर्षांपूर्वी नव्हतं. कोऱ्या कागदावरून वाळू घसरावी तसा बारीक, लांबट आवाज. मग शांतता.

काकांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला, आवाज तिथेच होता. पण सवय जाते कुठे? त्यांनी आधी स्वतःलाच धरलं. वायर बदलली. बूट काढले. किल्लीदादाला अंगणात पाठवलं. खुर्ची सोडून जमिनीवर मांडी घातली, आणि गुडघा वाजू नये म्हणून हाताने दाबून धरला. पुन्हा फुगा, पुन्हा धडाम, पुन्हा त्याच जागी टक् आणि वाळू. लहान फुगा फोडला तेव्हा काहीच आलं नाही. मोठा फोडला की आलं. त्यांनी वृंदाच्या लाकडी चौथऱ्यावर मुठीने एक ठोसा दिला, तर नुसत्या कानांनाही ऐकू आलं.

प्लगइनबरोबर दिलेल्या माहितीत त्यांनी स्वतःच एक वाक्य लिहिलं होतं आणि ते जमल्याबद्दल त्यांना जरा अभिमानही होता: जो आवाज दर वेळी जागा बदलतो तो बाहेरच्या जगाचा, तो खुशाल पुसा, जो दर वेळी त्याच जागी येतो तो खोलीचा, त्याला हात लावू नका. लोकांना शिकवलेलं स्वतः मात्र विसरले होते.

त्यांनी मान वर केली. छत पांढरं, सपाट, गुळगुळीत. कुठे तडा नाही, ओल नाही, डाग नाही. इतकं स्वच्छ छत त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या छताच्या वर काय आहे ते इथून दिसत नव्हतं, आणि ते किती वर्षांपासून कुणी पाहिलेलं नाही हे विचारायचंही त्यांना धाडस होईना.

"झालं का काका?" दारातून किल्लीदादाने हाळी घातली.

"हळू बोला," काका म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यांनी खोकं उपसलं. चित्रपत्रांच्या ढिगाखालून बाईंचं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"निघाली का स्वारी पुन्हा बाहेर?"

"तो आवाज खोलीतला होता," काका म्हणाले. "दालनाच्या छतात काहीतरी सुटलंय. मोठा आवाज झाला की ते हलतं. रविवारी तिथे पडघम वाजणार आहेत."

काकूंच्या हातातलं विणकाम थांबलं. "मग लेकीला फोन करा."

"पण मला खात्री नाही."

"तुम्हाला कधी कशाची खात्री होती? माझ्याशी लग्न करताना तरी होती का?"

"नव्हती," काका प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग केलंतच ना? लावा फोन."

लेक घाईत होती. मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि प्रेमानेच म्हणाली, "बाबा, तुमच्या वायरचं काही असेल. मागेही असंच झालं होतं ना? तुम्हीच म्हणाला होतात, माझंच चुकलं म्हणून. नगरपालिकेचा माणूस आत्ताच पाहणी करून गेलाय. खालून सगळं ठीक आहे म्हणाला. आणि चार दिवसांवर कार्यक्रम आलाय, आता मी दुसरं दालन आणू कुठून?"

"हं. असेल," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

"असेल?" काकू खुर्चीतून उठल्याच. "काय असेल? मुलगी त्या छताखाली उभी राहणार आणि तुम्ही म्हणता असेल? अहो, सगळी चूक स्वतःच्या पदरात घेणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. कधीकधी तो आळस असतो."

हे वाक्य काकांना लागलं. ते संगणकापुढे जाऊन बसले. वाद घालणं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. लेक बापाच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, यात तिचाही दोष नव्हता. त्या शब्दांवर त्यांचा स्वतःचाच कधी नव्हता. पण तिच्या कानांवर मात्र साऱ्या वृंदाचा विश्वास होता. पाठीमागच्या रांगेत कुणी अर्ध्या सुराने घसरला तरी तिची भुवई उडे.

तिने दिलेलं तालमीचं कोरं, घुमाऱ्याशिवायचं ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी आज टिपलेल्या दालनातून काढलं. न पुसता, न घासता, शेपटासकट. आणि हेडफोन खिशात घालून, संगणक काखोटीला मारून ते निघाले.

छापखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत संध्याकाळची तालीम सुरू व्हायची वेळ झाली होती. आत माणसं जमून हसतखिदळत होती. पडघम आणून चौथऱ्यावर ठेवले होते आणि वाजवणारा त्यांची कातडी ताणत होता. दर ताणाबरोबर बोटाने एक हलकी टिचकी मारी. दर टिचकीला काकांची नजर दारातून छताकडे जात होती.

"बाबा, आत्ता?" लेक दारात आली.

"बाहेर ये. पायरीवर बस. हे ऐक आणि मग मला काहीही बोल."

बापाचा असा आवाज तिने पूर्वी ऐकला नव्हता. ती बसली. काकांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले, लहानपणी थंडीत टोपी चढवत तसे. आधी जुनं दालन लावलं. ती ओळखीचं हसली. मग आजचं.

तिच्या चेहऱ्याकडे बघत काका थांबले. गाणं सुरू झालं असणार, कारण तिची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. मग बोटं थबकली. प्लगइन प्रत्येक सुराला त्या फुटलेल्या फुग्यासारखंच घुमवतं. म्हणून आता प्रत्येक सुरामागे, घुमारा विरला की, ती टक् येत होती. एका आवाजामागे एक, दहा आवाजांमागे दहा. वृंद गात होता आणि त्याच्या मागून, वरच्या बाजूने, दुसराच एक जमाव काटक्या मोडत चालला होता. जितका सूर खालचा आणि भरदार, तितक्या काटक्या जाड.

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे तुम्ही घातलं नाहीत?"

"नाही."

"शपथ?"

"अगं, मला एवढं सुचलं असतं का?"

ती उठली. त्याच क्षणी आत पडघमवर पहिला पुरा ठोका पडला. पायरीचा दगडसुद्धा काकांच्या तळव्याखाली थरथरला. दालन घुमलं आणि घुमारा दारातून बाहेर आला.

लेक आत गेली, चौथऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने उजवा हात वर करून मूठ मिटली. या वृंदात त्या खुणेचा अर्थ एकच होता: श्वाससुद्धा वाजवायचा नाही. हसणं, कुजबुज, खुर्च्या, सगळं जागच्या जागी थिजलं. दारात उभ्या टाळीकाकांनी घुमारा विरताना ऐकला. पातळ झाला. आणखी पातळ.

टक्.

हेडफोनशिवाय, सगळ्यांच्या डोक्यावर. आणि मग वाळू. पियानोच्या काळ्या झाकणावर, जिथून किल्लीदादाने नुकतीच चादर काढली होती, पांढरी रेघ उमटत गेली. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी हळूच मान वर केली आणि पदर तोंडावर धरला.

कुणी ओरडलं असतं, कुणी पळालं असतं, तर पुढे काय झालं असतं याचा विचार काका नंतरही पुरा करू शकले नाहीत. पण लेकीने मूठ सोडली नाही. डाव्या हाताने तिने मागच्या रांगेकडे बोट केलं आणि दाराकडे वळवलं, सूर देताना वळवते तसं, सावकाश. मागची रांग उठली. खुर्ची न सरकवता उठली. मग मधली. माणसं चपला हातात घेऊन, वर न बघता, काकांच्या अंगावरून बाहेर पडू लागली. पडघमवाल्याने काठ्या छातीशी धरल्या होत्या, खाली ठेवायचीही भीती वाटावी तशा. सगळ्यांत शेवटी लेक पाठमोरी, पावलापावलाने मागे येत दाराबाहेर आली. तिचा वर केलेला हात तेव्हा कुठे खाली आला. काकांनी तो दोन्ही हातांत धरला.

सुताराला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तो शिडीवरून छताच्या वरच्या पोकळीत चढला, विजेरीचा उजेड झरोक्यातून इकडेतिकडे फिरला आणि विझला. तो खाली आला. आधी सगळ्यांना अंगणाच्या टोकाला नेलं, किल्लीदादाला दार लावू दिलं नाही, उघडंच राहू दे, धक्का नको म्हणाला, आणि मग कपाळ पुसत म्हणाला, "मधल्या तुळईचं भिंतीतलं टोक राहिलेलंच नाही. भुसा आहे. ती बाजूच्या दोन पट्ट्यांवर अंग टाकून पडलीय. हिला अजून कशाने धरलंय ते मला विचारू नका."

कार्यक्रम रद्द झाला. लोक काकांना रस्त्यात थांबवून हात हातात घेऊ लागले, तसतसं काकांनी बाहेर पडणं कमी केलं. काकूंना वाटलं, लाजतायत. पण ते संगणकापुढे बसून होते. एकेक खोली लावत होते. शाळेची व्यायामशाळा. दवाखान्याचा जिना. स्टेशनातली थांबायची जागा. प्रत्येक खोली घुमत होती, विरत होती, आणि शेवटी स्वच्छ, काचेसारखी शांतता. त्या शांततेत पूर्वी काय होतं ते आता कळायला मार्ग नव्हता. ती त्यांनीच, स्वतःच्या हाताने, लख्ख केली होती.

"सगळ्या पुन्हा टिपायच्या," काकू म्हणाल्या. "फुगे मी फुगवते. तुम्हाला दम लागतो."

"काही खोल्या दूर आहेत. काही तर दुसऱ्यांनीच टिपून मला पाठवलेल्या."

"मग त्यांना लिहा."

काकांनी मान डोलावली. दवाखान्याच्या जिन्यावर रोज किती माणसं चढत असतील, हे त्यांच्या मनात येत होतं आणि ते येऊ देत नव्हते. प्लगइन त्यांनी पानावरून उतरवलं. पण ज्यांनी ते आधीच घेतलं होतं ते जगभर पुसलेल्या खोल्यांत गातच राहणार होते.

मग त्यांनी कोरा कागद ओढला. या वेळी फाडाफाडी झाली नाही.

'सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला. तुमचे कान उत्तम आहेत. आवाज खोलीतला होता. मी तो यंत्रातला समजून पुसला, आणि त्याबरोबर बाकीच्या खोल्यांतलेही पुसले. तुमच्याकडे माझ्या खोल्यांच्या जुन्या, न पुसलेल्या आवृत्त्या अजून असतील तर कृपा करून त्या ठेवा, कुणाला देऊ नका, आणि मला लवकर कळवा. त्या ऐकताना शेवटपर्यंत ऐका. घुमारा संपला असं वाटलं तरी थांबू नका.'

पाकिटावर पत्ता लिहून ते स्वतःच कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पत्र फटीत सरकवलं आणि सोडलं. ते आत तळाशी पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामी असावी. टाळीकाका पेटीला कान लावून तसेच उभे राहिले.